कोणीतरी वाट पाहत असेल अशी सोय करा

हे लिहिते आहे ते ज्यांचं वरवर सगळं बरं चाललं आहे त्यांच्यासाठी. नोकरी शाबूत आहे, घराचे हप्ते वेळेवर जातात, घरात मोठं भांडण नाही. तरी सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडताना किंवा रात्री ओटा पुसताना मनात येतं, हे सगळं कशासाठी? उत्तर येत नाही. मग मोबाइलवर एखादं व्याख्यान ऐकून दोन दिवस उभारी येते आणि तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा तिथेच.

मी महापालिकेच्या एका हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होते, आता निवृत्त आहे. माझ्या टेबलापाशी माणसं यायची ती औषधांच्या पैशासाठी, ट्रस्टच्या पत्रासाठी. पण पत्र लिहून होईपर्यंत बोलणं भलतीकडेच वळायचं. नवरा बरा होऊन घरी गेला, मुलगा नोकरीला लागला, तरी ‘आता मी काय करू’ म्हणून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तत्त्वज्ञान मी वाचत गेले ते या माणसांशी काय बोलावं ते कळावं म्हणून. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. एकट्याने बसून कितीही विचार केला तरी जगण्याचा अर्थ हाती लागत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी कोणाला तरी आपली गरज असते, तिथे तो हळूहळू तयार होतो. म्हणून पुढे जे सांगते आहे ते बरंचसं वेळ, जागा आणि माणसं यांच्याबद्दल आहे.

आधी दुखणं नाही ना ते बघा

‘कशातच अर्थ वाटत नाही’ हे कधी विचारी माणसाचं वाक्य असतं आणि कधी आजाराचं लक्षण. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहत असेल, आवडत्या गोष्टीतही गोडी उरली नसेल, झोप पहाटेच मोडत असेल किंवा उठवतच नसेल, जेवण तुटलं असेल, साधी कामं रेटेनाशी झाली असतील, तर आधी डॉक्टर. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ तपासून घ्या. थकवा आणि उदासी तिथूनही येते. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढून कोणीही दाखवू शकतं. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर बाकीची लक्षणं मोजत बसू नका, आजच कोणाला तरी सांगा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

औषध चालू असतानाही पुढचं सगळं करता येतं. फक्त औषधाच्या जागी ते करू नका.

प्रश्न उलटा करा

आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाने १९४२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तो रोजचा दिवस सांगतो: उठणं, ट्राम, चार तास ऑफिस, जेवण, ट्राम, पुन्हा चार तास काम, जेवण, झोप, आणि सोमवार, मंगळवार, बुधवार असंच. मग एक दिवस ‘का?’ हा प्रश्न उभा राहतो. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. ट्रामच्या जागी लोकल घातली की झालं. पुढे काम्यू ग्रीक पुराणातल्या सिसिफसची गोष्ट सांगतो. देवांनी त्याला शिक्षा दिली, प्रचंड दगड डोंगरावर ढकलत न्यायचा. वर पोचला की दगड खाली घरंगळणार, आणि पुन्हा पहिल्यापासून. तरीही सिसिफस सुखी आहे असंच आपण समजायला हवं, असं काम्यू म्हणतो. त्यातलं धैर्य मला भावतं, पण मला ते पुरत नाही. सिसिफस त्या डोंगरावर एकटा आहे. तो दगड वर पोचावा म्हणून कोणीही वाट पाहत नाही. तुमच्या-माझ्या आयुष्यात तसं नसतं, किंवा तसं राहू नये अशी व्यवस्था आपल्याला करता येते.

व्हिक्टर फ्रांकल हा व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ. ज्यू असल्यामुळे १९४२ मध्ये नाझींनी त्याला कुटुंबासह छळछावणीत नेलं. पुढे ऑशवित्झ, मग आणखी दोन छावण्या. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा आई, वडील, भाऊ आणि बायको यांच्यापैकी कोणी उरलं नव्हतं. छावणीत त्याला दोन माणसं भेटली, दोघंही जीव द्यायच्या विचारात होती. दोघांचं म्हणणं एकच: आयुष्याकडून आता मिळण्यासारखं काही राहिलेलं नाही. फ्रांकलने त्यांना आयुष्य सुंदर आहे वगैरे सांगितलं नाही, त्या जागी ते खोटंच ठरलं असतं. आयुष्याला तुमच्याकडून अजून काही हवं आहे का, हे त्याने बघायला लावलं. एकाचं लाडकं मूल परदेशात त्याची वाट पाहत होतं. दुसरा शास्त्रज्ञ होता, त्याची एक ग्रंथमाला अर्धी राहिली होती आणि ती दुसऱ्या कोणाला पुरी करता येणार नव्हती. दोघांनाही धरून ठेवणारं काहीतरी सापडलं.

म्हणून पहिला सराव हा. रात्री झोपण्यापूर्वी वहीत ‘मला आयुष्यात काय हवंय’ असं लिहू नका. ‘उद्या कोणाला माझी गरज आहे?’ हे लिहा. उत्तरात माणसाचं नाव किंवा ठरावीक काम आलं पाहिजे. ‘समाजासाठी काहीतरी करायचंय’ हे उत्तर चालणार नाही. ‘दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींना पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचंय’ हे चालेल. ‘धाकटीला अपूर्णांक समजावून द्यायचेत’ हेही चालेल. सुरुवातीला वही कोरी राहील. कोरी राहिली तर तीही माहितीच आहे, कारण तुमची वाट कुठे कोणी पाहत नाही हे त्यातून कळतं, आणि ते बदलता येतं.

फ्रांकलने ‘रविवारची व्याधी’ असंही एक निरीक्षण नोंदवलं आहे. आठवड्याची धावपळ थांबली की आतलं रिकामेपण वर येतं. मेगाब्लॉकच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला, जेवण, झोप, चहा सगळं होऊन गेल्यावर, ते मुंबईत घरोघरी वर येतं. तुमचा प्रश्न नेमका कुठल्या वाराला, कुठल्या वेळेला डोकं वर काढतो ते पाहून ठेवा. ती वेळ पुढे उपयोगाला येणार आहे.

पगाराशिवाय काम आणखी काय देतं

या भागावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण मला वाटतं खरी किल्ली इथे आहे.

व्हिएन्नाजवळ मारिएनताल नावाचं एक गाव होतं. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. १९२९-३० मध्ये मंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी तिथे जाऊन राहिले, त्यांनी बेकारीने माणसाचं काय होतं ते बारकाईने पाहिलं आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध केलं. लोकांना आता वेळच वेळ होता, म्हणजे ते जास्त वाचतील असं कोणालाही वाटेल. झालं उलटं. गावच्या वाचनालयाने फी माफ केली तरी पुस्तकं नेणं निम्म्याच्या आसपास आलं. संशोधक घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजत होते. पुरुष हळू चालायचे, मध्येच थांबायचे. बायका भरभर जायच्या, कारण घरकाम संपलेलं नव्हतं. दिवसभरात काय केलं ते लिहायला सांगितलं तर पुरुषांना आठवायचं नाही. एकाने सकाळच्या तासांपुढे एवढंच लिहिलं की तेवढ्यात दुपार होते.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची लालबागची चाळ दिसली. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गिरणीत साचेखात्यात होते. चाळीत घड्याळ बघायची गरज पडायची नाही, सगळं भोंग्यावर चालायचं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अण्णांना गिरणीने पुन्हा आत घेतलं नाही. आईने खानावळीचे डबे सुरू केले, पहाटेपासून तिचे हात चालू असायचे. अण्णा गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे. दुपारी कोणी विचारलं, अण्णा, सकाळी कुठे होतात, तर त्यांना सांगता यायचं नाही. दारू नाही, भांडण नाही, माणूस नुसता विरत चालला होता.

त्यांना सावरलं ते चाळीतल्या पाण्याच्या पंपाने. पालिकेचं पाणी पहाटे साडेचारला यायचं. पंप बघणारे गृहस्थ कायमचे गावी गेले आणि चावी अण्णांकडे आली. मग पाणी यायच्या आधी उठायचं, खालची टाकी बघायची, पंप लावायचा, भरली की व्हॉल्व बंद करायचा. कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाकडे कार्य आहे, ते लक्षात ठेवून पाणी सोडायचं. उशीर झाला तर तिन्ही मजल्यांवरून हाका. पैसा एक मिळत नव्हता. पण अण्णा पुन्हा लवकर झोपायला लागले, लवकर उठायला लागले, जिन्यात थांबून लोकांशी बोलायला लागले. पंपाच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायची वेळ आली तेव्हा चाळ कमिटीत त्यांचा शब्द चालला.

याहोदाने याच विषयावरचं आपलं पुढचं पुस्तक १९८२ मध्येच काढलं. तिचं म्हणणं असं की काम पगार देतं हे तर खरंच, पण त्याच्यासोबत आणखी पाच गोष्टी देतं, ज्यांच्याकडे आपलं लक्ष नसतं. दिवसाला आखणी देतं. घराबाहेरच्या माणसांशी रोज गाठ घालून देतं. एकट्याला जमणार नाही असं काहीतरी चार जणांनी मिळून करायला लावतं. लोकांत एक ओळख देतं. आणि मन असो नसो, हातपाय हलवायला लावतं.

आता कागद घ्या. या पाच गोष्टी एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीसमोर, गेल्या आठवड्यात ती तुम्हाला कुठून मिळाली ते लिहा. पगाराचा विचार मध्ये आणू नका.

मी हा कागद पुष्कळांकडून भरून घेतला आहे. ठाण्यात घरून काम करणारी एक मुलगी होती, पगार उत्तम. तिच्या कागदावर आखणी होती, ओळख होती, पण घराबाहेरचं माणूस एकही नव्हतं आणि मिळून करायचं कामही नव्हतं. ती म्हणत होती, मला माझं ‘पॅशन’ सापडत नाही. तिला पॅशनची गरज नव्हती, चार माणसांची होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकांकडे माणसं भरपूर होती, कट्टा होता, पण ते न गेले तरी कट्टा भरतच होता. त्यांच्या कागदावर आखणी रिकामी, मिळून करायचं काम रिकामं. एका गृहिणीचे कामाचे आणि आखणीचे रकाने ओसंडून वाहत होते; ओळखीसमोर तिने लिहिलं, ‘अमुकची आई’. तिघांच्या तोंडी तक्रार एकच होती, अर्थ वाटत नाही. भोक मात्र वेगवेगळ्या जागी होतं, आणि बुजवायचं ते तिथेच होतं.

म्हणून मी लोकांना सरळ ध्यानशिबिराला जा असं सांगत नाही. गोराईला विपश्यनेचं केंद्र आहे, दहा दिवसांच्या मौनातून शांत होऊन आलेली माणसं मला ठाऊक आहेत. पण ज्याच्या कागदावर माणसांचाच रकाना कोरा आहे त्याने सुरुवात आणखी मौनाने करू नये. आधी माणसं जमवावीत, मौन नंतर.

नोकरी न सोडता नोकरी बदलणं

ज्यांचा बहुतेक दिवस ऑफिसात जातो त्यांच्यासाठी हा भाग. अमेरिकेत एमी व्रेसनेव्स्की आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांचा अभ्यास करून २००१ मध्ये मांडला. काम तेच, पगार तोच. पण काही जण फक्त नेमून दिलेली साफसफाई करायचे, आणि काही जण स्वतःला रोगी बरा करणाऱ्यांपैकीच एक समजायचे. कोण आज जास्त गप्प आहे, कोणाला भेटायला कोणी येत नाही, हे त्यांच्या लक्षात असायचं.

मला हे वाचून नवल वाटलं नाही. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, लादी पुसायच्या. उद्या ऑपरेशन असलेल्या बाईच्या खाटेखाली त्यांचं पोतेरं जरा जास्त वेळ फिरायचं, कारण तेवढ्या वेळात त्या तिच्याशी बोलून घ्यायच्या. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. त्या मावशींना पाहून मला त्या सांगण्याचा अर्थ कळला.

तुम्ही करायचं ते असं. तुमचं काम शेवटी कोणापर्यंत पोचतं तो माणूस शोधा आणि जमलं तर एकदा त्याला भेटा. क्लेम पास करणारा कारकून असाल तर ज्यांचा क्लेम आहे त्या घरचा एक फोन स्वतः घ्या. तुमच्या कामाचा जो भाग त्या माणसाला लागतो तो दिवसातला पहिला करा, सकाळी डोकं ताजं असताना. आणि ऑफिसातल्या एका नव्या मुलाला किंवा मुलीला शिकवायची जबाबदारी मागून घ्या.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. हे सांगून कोणी तुम्हाला कमी पगारात राबवत असेल तर ऐकू नका. कंत्राटी सफाई कामगाराला सेवेचा आनंद शिकवण्याआधी किमान वेतन, हातमोजे आणि सुट्टी द्यावी. तो युनियनचा आणि कायद्याचा प्रश्न आहे, मनाच्या मशागतीचा नाही. गिरणगावात वाढलेल्या बाईला याबद्दल शंका असायचं कारण नाही.

स्वधर्म, आणि त्याबद्दलची माझी अट

१९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे ते कैद्यांना दर रविवारी गीतेवर प्रवचन द्यायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. ती प्रवचनं मी कितीदा वाचली असतील. विनोबा म्हणतात, स्वधर्म शोधत हिंडावं लागत नाही, तो आपल्याकडे आपसूक चालत आलेला असतो. ज्या आईच्या पोटी आलो तिची सेवा, ज्या माणसांत जन्मलो त्यांची सेवा. ‘माझ्या आयुष्याचं ध्येय काय’ म्हणून झोप उडालेल्या तिशीतल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांच्या खांद्यावरचा भार उतरतो. ध्येय कुठे लपून बसलेलं नाही. ज्यांच्याशी तुमचं आधीच नातं आहे तिथून सुरुवात करायची आहे.

पण माझी अट अशी. ‘जन्माने आलेलं काम’ या शब्दांनी आपल्या देशात कोट्यवधी माणसांना घाणीत उभं ठेवलं. गीतेतल्या चातुर्वर्ण्याच्या समर्थनावर बाबासाहेब आंबेडकरांनी कडक टीका केली आहे, ती वाचल्याशिवाय स्वधर्म हा शब्द तोंडात घेऊ नये असं मला वाटतं. म्हणून विनोबांकडून मी नात्याने आलेलं कर्तव्य घेते, जन्माने लादलेलं काम घेत नाही. बाबासाहेबांनी धम्माची जी व्याख्या केली ती इथे मला फार मोलाची वाटते: धम्म म्हणजे माणसामाणसांतले योग्य संबंध. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकत्र आली की धम्माशिवाय त्यांना गत्यंतर नाही. मी ज्याला अर्थ म्हणते आहे तोही तिथेच, दोन माणसांच्या मध्ये राहतो.

एक तास, एक जागा, एक माणूस

आता प्रत्यक्ष बांधणी. तुमचा रिकामेपणाचा वार आणि वेळ तुम्ही हेरून ठेवली आहे. तुमच्या कागदावरचा कोरा रकाना समोर आहे. त्या वेळेत तो रकाना भरेल असं एकच काम घ्या. निकष तीन. काम दर आठवड्याला त्याच वेळी असावं. तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं तरी अडलं पाहिजे, निदान कोणीतरी फोन केला पाहिजे. आणि काम इतकं लहान असावं की पावसात गाड्या उशिरा असल्या तरी पार पडेल.

मुंबईत अशा जागा पुष्कळ आहेत. दिवसा काम करून शिकणाऱ्या मुलांच्या रात्रशाळा आहेत, तिथे गणित आणि इंग्रजी शिकवणारा माणूस नेहमी हवा असतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना अभ्यासाची पुस्तकं वाचून दाखवायला किंवा रेकॉर्ड करून द्यायला आवाज लागतात. हे घरी बसूनही होतं. परळच्या टाटा हॉस्पिटलाच्या आसपास बिहार-बंगालहून आलेली कुटुंबं असतात, त्यांना कुठला फॉर्म कुठल्या खिडकीवर द्यायचा ते कळत नाही. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना हिंदी नीट बोलणारा, न चिडणारा माणूस लागतो. एवढं लांब जायचं नसेल तर तुमच्या सोसायटीत एकटं राहणारं एखादं वृद्ध जोडपं असेलच. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्यांच्याबरोबर चहा, एवढं ठरवलं तरी पुष्कळ झालं.

ठरवताना वाक्य पूर्ण करा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं आहे की ‘मी हे करीन’ एवढा निश्चय पुरत नाही. ‘अमुक वेळ झाली, अमुक ठिकाणी असलो, की मी अमुक करणार’ असं आधी ठरवलं तर ते होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून ‘रात्रशाळेत शिकवायला जाईन’ असं म्हणू नका. ‘बुधवारी दादरला उतरलो की घरी न जाता थेट शाळेत, साडेसातचा तास’ असं लिहा आणि शाळेतल्या एका माणसाला तसं कबूल करून टाका. शब्द दिला की पाय आपोआप वळतात.

पहिले काही आठवडे मजा येणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते. रॉय बाउमाइस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २०१३ मध्ये सुखी आयुष्य आणि अर्थपूर्ण आयुष्य यांची तुलना केली. दोन्ही बरीचशी एकत्र चालतात, पण जिथे वेगळी होतात तिथे ताण आणि काळजी अर्थाच्या बाजूला जास्त सापडली. मुलं वाढवलेल्या कोणालाही हे पटेल. तेव्हा बुधवारी कंटाळत गेलात म्हणजे काम चुकीचं निवडलंत असं समजू नका. तीन महिने तरी ते काम बदलू नका.

या काळात मन एक वाद घालेल. ‘माझ्या बरोबरीचे कुठे पोचले, आणि मी रात्रशाळेत अपूर्णांक शिकवतोय.’ त्याच्यासाठी एपिक्टेटस हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ हाताशी ठेवा. तो गुलाम म्हणून जन्मला, पायाने अधू होता, आणि म्हणायचा की माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनांबद्दलची त्याची समजूत त्रास देते. १९५५ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने याच पायावर आपली उपचारपद्धती उभी केली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली. वाद आला की कागदावर तीन गोष्टी लिहा: काय घडलं, मी त्याचा काय अर्थ लावला, त्यामुळे काय वाटलं. मग मधल्या ओळीला विचारा, हे असंच असलं पाहिजे असा नियम कोणी केला? वर्गमित्राचं घर मोठं आहे, ही घटना. म्हणून माझं आयुष्य वाया गेलं, हा तुम्ही लावलेला अर्थ, आणि तो खोडता येतो.

टाळता येण्यासारखं दुःख सोसू नका

दुःखालाही अर्थ देता येतो असं फ्रांकल म्हणतो, आणि या वाक्याचा फार गैरवापर होतो. त्याची अट स्पष्ट आहे: दुःख टाळता येण्यासारखं नसेल तरच. टाळता येतं ते दुःख आधी दूर करायचं. ते सोसत बसण्यात काही मोठेपण नाही. बरा न होणारा आजार, गेलेलं मूल, यांच्यापुढे माणूस कसा उभा राहतो हे मी वॉर्डात पाहिलं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण नवऱ्याच्या मारात अर्थ शोधणारी बाई समोर आली की मी तिला एकही पुस्तक सांगितलं नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र आता पालिकेच्या इतर हॉस्पिटलांतही आहे, तिथे समुपदेशन आणि कायद्याची मदत मिळते. आधी तिथे जायचं.

आणि ज्यांची खूपच माणसं वाट पाहतात त्यांच्यासाठी

वरचं सगळं एका प्रकारच्या माणसाला लागू नाही. अंथरुणाला खिळलेली सासू, दहावीतला मुलगा, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी, स्वतःची नोकरी, असं सगळं सांभाळणारी बाई. तिच्या कागदावर गरज असणाऱ्यांची यादी पानभर असते. अर्थ वाटत नाही असं ती म्हणते तेव्हा ती दमलेली असते. तिने आणखी कुठे शिकवायला जाऊ नये. तिने तिच्या रोजच्या कामांतून एक काम दुसऱ्याच्या अंगावर टाकावं, आणि तेही वर सांगितलं तसं, वेळेसकट. दिराला फोन करून ‘जमेल तेव्हा येत जा’ म्हणू नये, कारण ते कधीच जमत नाही. ‘भाऊजी, दर रविवारी दोन ते सहा तुम्ही आईंजवळ बसायचं, दोनला मी घराबाहेर पडणार’ असं सांगावं, आणि रविवारी दोन वाजता खरोखरच चपला घालून बाहेर पडावं, मग ते समोरच्या बागेतल्या बाकापर्यंतच का असेना.